लघु आसवनी : पहिली वीट रचण्यापूर्वी

गतवर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात, धुरक्याने सूर्य झाकोळलेल्या एका सकाळी, नोएडातील आमच्या शाखेत एक पितापुत्र आले. वडील केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले, मूळचे विदर्भातले, पण गेल्या चार दशकांचे दिल्लीकर. मुलगा तिशीतला, हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन काही वर्षे गुरुग्राममध्ये नोकरी केलेला. शाखेत मराठी अधिकारी आहे असे समजल्यामुळे ते थेट माझ्या टेबलाशी आले. मुलाने तांब्याच्या एका चकचकीत भांड्याचे छायाचित्र समोर ठेवले आणि वडिलांनी कापडी पिशवीतून सदनिकेची कागदपत्रे काढली.

"साहेब, याला स्वतःची छोटी आसवनी काढायची आहे. आधी जिन, पुढे व्हिस्की. भांड्याची आगाऊ रक्कम दिली आहे, गुदामही भाड्याने घेतले आहे. आता उरलेल्या पैशांसाठी हे घर तारण ठेवायचे आहे," वडील म्हणाले.

मी तीन प्रश्न विचारले. आसवनी नेमकी कोणत्या राज्यात उभी राहणार? त्या गुदामात ज्वालाग्राही पदार्थ तयार करण्यास व साठवण्यास परवानगी आहे काय? आणि पहिली बाटली विकली जाईपर्यंत कर्जाचे व्याज कोठून भरले जाणार? तिन्ही प्रश्नांना उत्तर नव्हते. मी म्हटले, "काका, ही कागदपत्रे आज परत घरी न्या. आधी या प्रश्नांची उत्तरे शोधू." प्रस्तुत लेख त्या शोधातून निर्माण झाला आहे.

विषय मद्यनिर्मितीचा असल्याने आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. मद्यपान आरोग्यास घातक आहे, हेही निर्विवाद. या उद्योगाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. तथापि कायद्याने परवानगी दिलेला हा उद्योग आहे, आणि अलीकडे अनेक तरुण उद्योजक त्याकडे वळत आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या ठेवी व घरे चुकीच्या क्रमाने टाकलेल्या पावलांमुळे संकटात येऊ नयेत, एवढीच या लेखामागील भूमिका आहे.

पहिला निर्णय : नेमके काय करायचे?

"आसवनी काढायची" या दोन शब्दांत तीन निरनिराळे उद्योग दडलेले असतात.

पहिला मार्ग तयार मद्यार्कावर प्रक्रिया करण्याचा. धान्यापासून काढलेला शुद्ध मद्यार्क मोठ्या कारखान्याकडून विकत घ्यायचा, त्यात जुनिपरची फळे, धणे, लिंबाची साल इत्यादी घालून लहान तांब्याच्या भांड्यात त्याचे पुन्हा ऊर्ध्वपातन करायचे आणि जिन तयार करायची. यात धान्य शिजवणे, आंबवणे आणि त्यातून निघणारे प्रचंड सांडपाणी टळते. माल काही आठवड्यांत विक्रीयोग्य होतो.

दुसरा मार्ग धान्यापासून बाटलीपर्यंत सर्व काही स्वतः करण्याचा. येथे धान्याची कोठारे, दळण, शिजवण्याच्या व आंबवण्याच्या टाक्या, ऊर्ध्वपातन, बाष्पक आणि सांडपाणी प्रक्रिया अशी सारी साखळी उभारावी लागते. उकलनबिंदूंतील फरकावर ऊर्ध्वपातनाचे शास्त्र आधारलेले आहे. शुद्ध मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, तर पाणी १०० अंशांना. भांड्यातून निघणाऱ्या द्रवाचा आरंभीचा आणि अखेरचा भाग बाजूला काढून मधला भाग घेणे हे कारागिराचे खरे कौशल्य. हे कौशल्य नोकरीवर ठेवलेल्या एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तीही बँकेच्या दृष्टीने एक जोखीमच ठरते.

तिसरा मार्ग मुरवलेल्या मद्याचा, म्हणजे व्हिस्की किंवा रमचा. येथे कारखान्याइतकेच महत्त्व पिंपांच्या कोठाराला येते आणि पैसा वर्षानुवर्षे लाकडात अडकून राहतो.

या तिन्हींच्या इमारती वेगळ्या, परवाने वेगळे आणि भांडवलाची गरजही वेगळी. म्हणून कोणत्याही वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी आपला मार्ग एका कागदावर लिहून काढणे हे खरे पहिले पाऊल होय.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. गुरुग्रामच्या बाजारसंकुलांत जागेवर बीअर बनवणारी उपाहारगृहे दिसतात. तेथे जे जमते ते आसवनीतही जमेल, असे आमच्या या तरुण ग्राहकासही वाटत होते. परंतु बीअर बनवण्याचा परवाना ऊर्ध्वपातनाचा अधिकार देत नाही. शिवाय पाच-सहा टक्के मद्यार्क असलेली बीअर पेट घेत नाही, तर आसवनीतील द्रव पेट घेतो. कायदा आणि इमारत या दोन्ही बाबतींत या दोन उद्योगांचे गोत्र निराळे आहे.

दुसरा निर्णय : कोणते राज्य?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र बोलण्यात एकच वाटते. प्रत्यक्षात त्यात दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या राज्यांचे जिल्हे येतात. मेट्रोने अर्ध्या तासात आपण एका राज्यातून दुसऱ्यात जातो. मद्याच्या बाटलीला मात्र ही सीमा जवळजवळ परदेशाच्या सीमेसारखी असते.

याचे कारण घटनेत आहे. मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या आठव्या नोंदीत आहेत. औद्योगिक परवान्यासंबंधीचा १९५१ चा केंद्रीय कायदा पूर्वी आसवन्यांनाही लागू होता. २०१६ च्या दुरुस्तीने पिण्यायोग्य मद्यार्क त्याच्या कक्षेबाहेर काढण्यात आला आणि या उद्योगाचे नियंत्रण राज्यांकडे गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने दिलेल्या निर्णयात तर औद्योगिक मद्यार्कावरील राज्यांचा अधिकारही मान्य झाला. परिणामी हरियाणात पंजाब अबकारी अधिनियम १९१४ च्या परंपरेतील नियम, उत्तर प्रदेशात १९१० चा अधिनियम, राजस्थानात १९५० चा आणि दिल्लीत २००९ चा अधिनियम अशी स्थिती आहे. एका राज्यात तयार झालेला माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल, तर तेथील नाममुद्रेची नोंदणी आणि शुल्क स्वतंत्र.

राज्याची निवड करताना केवळ आजचे शुल्क पाहू नये. धोरणाचा इतिहासही पाहावा. हरियाणात जुलै १९९६ ते मार्च १९९८ या काळात दारूबंदी होती. दिल्लीत नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झालेले किरकोळ विक्रीचे नवे धोरण वर्षाच्या आत मागे घेण्यात आले आणि सप्टेंबर २०२२ पासून जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. दहा वर्षे मुदतीचे कर्ज देणारी बँक अशा उद्योगाच्या प्रस्तावाकडे सावधपणे का पाहते, याचे उत्तर या तारखांत सापडेल.

या निर्णयाचे एक बोलके उदाहरण दिल्लीकरांचेच आहे. आनंद विरमाणी आणि वैभव सिंग यांच्या नाओ स्पिरिट्स या कंपनीने २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' ही जिन बाजारात आणली. देशातील लघु आसवनी चळवळीच्या आरंभीच्या नावांत तिची गणना होते. प्रवर्तक दिल्लीचे, परंतु आसवनी उभी राहिली गोव्यात. आपण राहतो तेथेच कारखाना असावा, असा नियम नाही. जेथे कायदा, कच्चा माल आणि पाणी अनुकूल तेथे कारखाना असावा.

गोव्याला या बाबतीत जुनी परंपराही आहे. काजूच्या हंगामात डोंगरउतारावर पेटणाऱ्या भट्ट्या, त्यातून निघणारा हुर्राक आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करून मिळणारी फेणी हे कोकणच्या वाचकांना सांगावयास नको. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बांधकामाच्या दृष्टीने भट्टीकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. पारंपरिक भट्टी म्हणजे चहूबाजूंनी मोकळी, शाकारलेली मांडवी. मद्यार्काची वाफ तेथे साचतच नाही. वारा ती घेऊन जातो. नोएडातील बंदिस्त गुदामात तेच काम पंखे, झडपा आणि संवेदक यांच्याकडून करून घ्यावे लागते.

तिसरा निर्णय : जागा

आमच्या ग्राहकाने घेतलेले गुदाम स्वस्त होते, हमरस्त्यावर होते आणि त्याला मोठा दरवाजा होता. एवढ्यावरून जागा ठरवता येत नाही. पुढील चार कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी भूवापराची. विकास आराखड्यात ती जमीन उद्योगासाठी, आणि तीही या प्रकारच्या उद्योगासाठी राखलेली आहे काय, याचा लेखी दाखला हवा. आजूबाजूला भविष्यात काय उभे राहील, याचाही अंदाज घ्यावा. गाझियाबादचे मोहननगर हे याचे उत्तम उदाहरण. 'ओल्ड मंक' ही १९५४ पासून प्रसिद्ध असलेली रम बनवणाऱ्या मोहन मीकिन कंपनीचा कारखाना तेथे उभा राहिला, तेव्हा तो शहराबाहेर होता. वसाहतीला नावच उद्योगसमूहाच्या मालक कुटुंबावरून मिळाले. आज तेथे भर वस्ती आहे आणि २०१९ पासून मेट्रोचे स्थानकही. शहर कारखान्याच्या दाराशी येते, तेव्हा वाहतूक, वास आणि अग्निसुरक्षा यांचे प्रश्न नव्याने उभे राहतात.

दुसरी कसोटी पाण्याची. आंबवण्यासाठी, वाफेसाठी, धुण्यासाठी आणि विशेषतः थंड करण्यासाठी पाणी लागते. राजधानी क्षेत्रातील भूजलाचा उपसा अनेक ठिकाणी पुनर्भरणापेक्षा अधिक आहे. कूपनलिकेसाठी हरियाणा व उत्तर प्रदेशात त्या त्या राज्याच्या प्राधिकरणाची, तर दिल्लीत केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमांनुसार परवानगी लागते. गुदामात कूपनलिका 'आधीपासून आहे' हे मालकाचे म्हणणे म्हणजे परवानगी नव्हे.

तिसरी कसोटी सांडपाण्याची. आसवनीची गणना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक उद्योगांत, लाल वर्गात केलेली आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना सुमारे ८ ते १५ लिटर दाट, गडद सांडपाणी मागे उरते. धान्याच्या आसवनीतील चोथा पशुखाद्य म्हणून विकता येतो. म्हशींसाठी प्रसिद्ध असलेल्या हरियाणात त्याला गिऱ्हाईक मिळू शकते. परंतु ओला चोथा उन्हाळ्यात लवकर खराब होतो, म्हणून तो रोज उचलला जाण्याची व्यवस्था हवी. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत आसवन्यांची स्वतंत्र नोंद आहे. ज्या प्रकल्पाला ती लागू होते, त्याला जमीन ताब्यात घेण्यापलीकडे कोणतेही काम मंजुरीपूर्वी सुरू करता येत नाही. तयार मद्यार्क आणून केवळ जिन बनवणाऱ्या छोट्या घटकाला ती लागू होते किंवा कसे, हे राज्याच्या यंत्रणेकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर पाया खणू नये. याशिवाय जल व वायू प्रदूषण कायद्यांखाली स्थापनेची संमती आधी आणि चालवण्याची संमती नंतर, असे दोन टप्पे असतात.

चौथी कसोटी इंधनाची, आणि ती या भागाचे खास वैशिष्ट्य आहे. राजधानी क्षेत्रातील हवेच्या गुणवत्तेसाठी २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आयोगाने उद्योगांना वापरता येणाऱ्या इंधनांची यादी ठरवून दिली. १ जानेवारी २०२३ पासून उद्योगांत कोळशाचा वापर बंद झाला. तेव्हा बाष्पकासाठी नळाचा नैसर्गिक वायू किंवा मान्य असलेले अन्य इंधन त्या भूखंडापर्यंत पोहोचते काय, हे जागा घेण्यापूर्वी पाहावे. वायूची वाहिनी दोन किलोमीटरवर येऊन थांबली असेल, तर ते दोन किलोमीटर आपल्या प्रकल्प खर्चात कोठेतरी लिहावेच लागतात.

इमारत : आगीचा विचार आधी, शोभेचा नंतर

पर्यटकांना दाखवण्याजोगी काचेची भिंत आणि तिच्याआड चमकणारे तांब्याचे भांडे, हे बहुतेक नवउद्योजकांचे स्वप्न असते. ते साकार होऊ शकते. पण आराखड्याची सुरुवात तेथून करू नये.

शुद्ध मद्यार्काची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते. ४० टक्के मद्यार्काच्या मिश्रणाला त्यासाठी सुमारे २६ अंश पुरेसे होतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत बाटलीत भरण्याजोगा द्रव वर्षातील बहुतेक दिवस या मर्यादेखाली राहतो. दिल्लीच्या परिसरात मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत इमारतीतील तापमान या मर्यादेवरच असते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. म्हणून परदेशी आराखडा जसाच्या तसा उतरवणे धोक्याचे आहे. हवेत मद्यार्काच्या वाफेचे प्रमाण सुमारे ३.३ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान आले, तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व खड्ड्यांत, गटारांत साचते. छताजवळच्या पंख्याइतकीच जमिनीलगतची वायुवीजन व्यवस्था म्हणूनच आवश्यक असते.

धोक्याच्या क्षेत्रांची आखणी कशी करावी, याचे भारतीय मानक आयएस ५५७२ मध्ये दिलेले आहे. ज्या भागात वाफ नेहमी किंवा अधूनमधून असू शकते, तेथील दिवे, मोटारी, बटणे ज्वालारोधक प्रकारची असावी लागतात. त्यांची किंमत साध्या सामग्रीच्या कितीतरी पट असते. त्यामुळे असे क्षेत्र आराखड्यातच लहान व स्वतंत्र ठेवणे शहाणपणाचे. बाष्पक, कार्यालय, पाहुण्यांची खोली आणि मालमोटारींचे आवार ही सारी ठिकाणे भिंतीपलीकडे असावीत. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये इमारतींचे वर्गीकरण वापर व जोखमीनुसार केलेले आहे. साध्या गुदामाचा अग्निशमन दाखला आसवनीस चालत नाही.

याशिवाय काही साध्या वाटणाऱ्या पण खर्चिक गोष्टी आहेत. मद्यार्काच्या टाक्यांभोवती बांध हवा आणि त्यात सर्वांत मोठ्या टाकीतील द्रव मावला पाहिजे. फरशी न घसरणारी, आम्लरोधक आणि उतार दिलेली असावी. सांडलेला मद्यार्क पावसाच्या गटारात जाता कामा नये. २०० लिटरचे भरलेले पिंप सव्वादोनशे ते अडीचशे किलो वजनाचे असते. ती तीन-चार थरांत रचायची तर जमिनीची भारवहन क्षमता तपासावी लागते. दिल्लीचा परिसर भूकंपप्रवण असल्याने पिंपांच्या मांडण्या भक्कम बांधलेल्या हव्यात. उंच भांड्यासाठी छताची उंची, आणि ते आत आणण्यासाठी दरवाजाची रुंदी, याही गोष्टी आधी मोजाव्यात. भांडे येऊन दाराशी थांबल्यावर भिंत फोडण्याची वेळ येणे अशक्य कोटीतील नाही.

आणखी एक अदृश्य भिंत असते, ती महसुलाची. मद्यावरील शुल्क हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन असल्याने आसवनीच्या इमारतीचा आराखडा अबकारी विभागाच्या मंजुरीचा विषय असतो. कोणत्या दारातून मद्यार्क आत येणार, कोठे मोजला जाणार, कोणते कोठार सीलबंद असणार, विभागाच्या अधिकाऱ्यासाठी खोली कोठे असणार, कॅमेरे व प्रवाहमापक कोठे लागणार, हे सारे नकाशावर दाखवावे लागते. मंजूर नकाशात नंतर एक दरवाजा हलवायचा झाला, तरी पुन्हा परवानगी. म्हणून वास्तुविशारद, अग्निसुरक्षा सल्लागार आणि अबकारी कायद्याचा जाणकार या तिघांना पहिल्याच बैठकीत एकत्र बसवावे.

पैसा आणि काळ

उद्योगाचा खर्च मोजताना यंत्र व बांधकाम यांची बेरीज सर्वजण करतात. काळाची किंमत फार थोडे जण मांडतात.

उदाहरणादाखल, २ कोटी रुपयांचे मुदत कर्ज १० टक्के व्याजाने घेतले आणि सर्व रक्कम उचलली, असे समजू. दरमहा व्याज सुमारे १ लाख ६७ हजार रुपये होते. परवान्यास आठ महिने विलंब झाला, तर एक थेंबही न बनवता १३ लाखांहून अधिक रुपये गेले. या भागात विलंबाचे आणखी एक ठरलेले कारण आहे. हिवाळ्यात हवा बिघडली की श्रेणीबद्ध प्रतिसाद योजनेच्या वरच्या टप्प्यांत बांधकामांवर निर्बंध येतात. बांधकामाचे वेळापत्रक आखताना नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने पूर्ण कामाचे धरू नयेत आणि परतफेडीचा सवलत काल त्यानुसार मागावा.

दुसरी बाब कराची. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. हे वाचून अनेकांना आनंद होतो, परंतु अर्थ उलटा आहे. यंत्रांवर सामान्यतः १८ टक्के कर भरावा लागतो आणि तयार मालावर हा करच नसल्याने त्याची वजावट मिळत नाही. १ कोटीच्या यंत्रामागे १८ लाख रुपये हा सरळ खर्च होतो. बाटल्या, लेबले, सल्लागारांची देयके यांनाही हेच लागू. प्रकल्प अहवालात किमती करासह लिहिल्या आहेत काय, हे आम्ही प्रथम पाहतो.

तिसरी बाब मुरवण्याची. लाकडी पिंपातून मद्य हळूहळू उडून जाते. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला सुमारे २ टक्के धरतात. भारताच्या उष्ण हवेत ती १० टक्क्यांच्या आसपास जाते. १०,००० लिटर मद्य तीन वर्षे मुरवले तर २ टक्के घटीने ९,४१२ लिटर उरेल, १० टक्के घटीने ७,२९० लिटर. आता पैशात पाहू. आज १०० रुपये लिटर खर्चाचे मद्य १० टक्के व्याजाने तीन वर्षांत १३३ रुपयांचे होते, आणि घट धरता उरलेल्या प्रत्येक लिटरची किंमत सुमारे १८३ रुपये होते. पिंपाची किंमत, कोठाराचे भाडे व विमा त्यात आलेला नाही. अर्थात उष्ण हवेत मद्य लवकर परिपक्वही होते. राजधानी क्षेत्रातीलच करनाल जिल्ह्यातील इंद्री येथील कारखान्याने २०२१ मध्ये 'इंद्री' ही सिंगल माल्ट व्हिस्की आणली आणि २०२३ मध्ये तिच्या दिवाळी आवृत्तीने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सर्वोच्च मान मिळवला. परंतु त्या व्हिस्कीमागे साखर कारखान्यापासून वाढत आलेला मोठा उद्योग होता, हे विसरू नये. ज्याच्या मागे असा आधार नाही, त्याने जिनसारख्या लवकर विकल्या जाणाऱ्या मालापासून आरंभ करून मुरवण्याचे काम नफ्यातून करावे, कर्जातून नव्हे.

मद्याला कर्ज देण्याबाबत प्रत्येक बँकेचे पतधोरण वेगळे असते. परवान्याशिवाय बांधकामाला रक्कम सुटणार नाही, हे मात्र सर्वत्र गृहीत धरावे. बनवलेल्या मालाच्या साठ्यावर राज्य शासनाच्या शुल्काचा हक्क असतो, त्यामुळे असा साठा तारण म्हणून बँकेला पूर्ण मूल्याचा वाटत नाही. म्हणूनच अखेर घराच्या कागदपत्रांची मागणी पुढे येते.

पावलांचा क्रम

सारांशाने सांगावयाचे तर क्रम असा असावा :

१. कोणते पेय, किती लिटर आणि कोणत्या मार्गाने, हे लिहून काढणे.
२. दोन-तीन राज्यांचे अबकारी नियम, परवाना शुल्क व किमान क्षमतेच्या अटी तपासणे. लहान आसवनीसाठी वेगळा वर्ग नसेल, तर मोठ्या कारखान्याचे शुल्क आपल्याला पेलेल काय, याचा हिशेब करणे.
३. जागा खरेदी न करता, परवानगी मिळाल्यासच व्यवहार पूर्ण होईल अशा अटीचा करार करणे.
४. भूवापर, पाणी, इंधन व पर्यावरण यांबाबत लेखी उत्तरे मिळवणे.
५. अग्निसुरक्षा व महसूल या दोन्ही दृष्टींनी इमारतीचा प्राथमिक नकाशा तयार करणे.
६. करासह व व्याजासह प्रकल्प अहवाल मांडणे; विलंबाचा किमान एक वर्षाचा खर्च स्वभांडवलातून वेगळा ठेवणे.
७. त्यानंतर बँकेकडे येणे, आणि तत्त्वतः मंजुरी मिळाल्यावरच यंत्राची आगाऊ रक्कम देणे.

पहिल्या पाच पावलांना फारसे भांडवल लागत नाही. सल्लागारांचे शुल्क, काही अर्ज आणि पुष्कळ हेलपाटे लागतात. याच टप्प्यावर प्रकल्प सोडून द्यावा लागला, तरी घर शाबूत राहते. यंत्रापासून सुरुवात केली तर प्रत्येक पुढचे पाऊल मागच्या चुकीचे समर्थन करण्यासाठी टाकले जाते.

आमच्या ग्राहकांपुरते सांगायचे, तर त्या गुदामात असा उद्योग करता येणार नाही, असे पुढे त्यांना लेखी कळले. भाड्याची अनामत बरीचशी बुडाली. भांडे बनवणाऱ्याने आगाऊ रक्कम परत केली नाही, मात्र भांड्याचे काम थांबवून ठेवण्याचे मान्य केले. गेल्या महिन्यात पितापुत्र पुन्हा शाखेत आले. या वेळी छायाचित्र नव्हते; एक जाड फाईल होती. तिच्यात दोन राज्यांचे नियम, एका औद्योगिक वसाहतीचे भूवापराचे पत्र आणि पेन्सिलीने काढलेला एक नकाशा होता. नकाशात भांड्याची जागा अजून रिकामीच ठेवलेली होती.

वडिलांनी हळूच विचारले, "साहेब, घराची कागदपत्रे आज आणलेली नाहीत. आणायला हवी होती का?"

"नाही काका," मी म्हटले, "त्यांची पाळी सर्वांत शेवटी."

त्यांच्या प्रस्तावाचे पुढे काय होईल, हे आज सांगता येत नाही. कदाचित तो मंजूर होईल, कदाचित शुल्काचे आकडे पाहून ते स्वतःच थांबतील. दोन्ही शक्यतांत त्यांचे नुकसान मर्यादित राहील. उद्योग कोणताही असो, उत्साहाला क्रमाची जोड मिळाली की धाडस आणि दुःसाहस यांतील अंतर आपोआप स्पष्ट होते. आपल्या मनातही असा एखादा प्रकल्प आकार घेत असेल, तर यंत्राचे दरपत्रक मागवण्यापूर्वी एकदा आपल्या शाखेत अवश्य या. कर्ज मागण्यासाठी नव्हे, प्रश्न विचारण्यासाठी.